वाळवंटात चार हातांवर पाणी : हे येतं तरी कुठून?

वाळूतला_बगळा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. उत्तर चीनमध्ये बादाइन जारान नावाचं वाळवंट आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्या ४०० मीटरपेक्षा उंच, पाऊस वर्षाला १०० मिमीच्या आसपास किंवा कमीच, आणि त्या टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागांत शंभराहून जास्त तळी! फोटो बघितले तर कोणीतरी एडिट केलेत असं वाटतं. तळ्यांचं पाणी बरंचसं खारं पण काठाला थोडं खणलं की गोडं पाणी लागतं. माझा आपला सरळ हिशोब होता की पाणी उथळ आहे म्हणजे वरून पडलेलंच मुरलेलं असणार, लांबचं असतं तर खोल नसतं का. पण २००४ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला त्यात म्हटलंय की हे पाणी लांबच्या छीलियान पर्वतावरच्या बर्फाचं आहे, जमिनीखालच्या भेगांतून येतं. मग दुसऱ्यांनी त्यावर शंका काढल्या आणि वाद अजून चालूच आहे.

तर प्रश्न असा की पाण्याच्या थेंबावर काही पत्ता लिहिलेला नसतो, मग हे लोक ठरवतात कसं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा, मी विज्ञान बारावीला सोडलं.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलो. पण मला एक सांगा, रात्री वाळवंट गार पडतं, हवेतली वाफ वाळूत थिजते, दव पडतं, तेच साचत असेल की. इतकं लांब पर्वतावर जायची काय गरज?

जुना_टेप

शंकासुर, दवाचा सिद्धांत फार जुना आहे आणि दर पिढीत कोणीतरी तो नव्याने काढतं. दव पडतं हे खरं, पण ते वरच्या काही मिलिमीटर वाळूत पडतं आणि सकाळी नऊच्या आत उडून जातं. खाली उतरण्याइतकं पाणी एका दमात मिळालं तरच ते मुळांच्या आणि उन्हाच्या तावडीतून सुटतं.

आता धागाकर्त्यांच्या मूळ गृहीतकाकडे येतो. उथळ म्हणजे स्थानिक, हे डोक्यातून काढून टाका. पाणी किती खोल आहे हे दोन गोष्टींवर ठरतं, जमीन किती उंच आणि पाण्याची पातळी किती उंच. ते कुठून आलं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. भरपूर पावसाच्या मुलखात जमिनीखालची पातळी टेकडीसोबत वर चढते आणि दरीसोबत खाली उतरते, प्रत्येक ओढ्याचं खोरं आपलं आपलं. कोरड्या मुलखात भर घालणारं पाणीच इतकं कमी असतं की ही पातळी सपाट होत जाते, आणि खडक चांगला पाझरणारा असेल तर पाणी डोंगराच्या खालून एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातं. अमेरिकेतली डेथ व्हॅली घ्या. तिथे फर्नेस क्रीकला झरे आहेत, ते पाणी त्या दरीत पडलेल्या पावसाचं मानता येत नाही, तेवढा पाऊसच नाही. चुनखडकातून पलीकडच्या खोऱ्यांतून येतं. सगळ्यात सखल जागी जमीन पातळीला टेकते आणि पाणी 'उथळ' दिसतं. म्हणजे उथळ पाणी हे पुष्कळदा प्रवासाची सुरुवात नसून शेवट असतो.

माझा आग्रह इतकाच की आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) वगैरे तपासा पण आधी टेप टाका, म्हणजे नळीत मोजपट्टी सोडून पाण्याची पातळी मोजा. एकाच जागी दोन नळ्या, एक ६ मीटरची, दुसरी ४० मीटरची, दोन्हींची तोंडं एका उंचीला. खोल नळीत पाणी वर चढलेलं दिसलं तर पाणी खालून वर ढकललं जातंय, पाऊस मुरत असता तर उलटं दिसलं असतं. या मापाला लॅब लागत नाही.

वाळूतला_बगळा

काका, दंडवत. 'प्रवासाचा शेवट' हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे खोल नळीत पाणी जास्त वर असेल तर विषय संपला?

जुना_टेप

संपला कसा, आत्ता कुठे सुरू झाला. खालून येतंय एवढंच कळलं. खाली ते कुठून आलं, कधी आलं, हे टेप सांगत नाही. तिथून पुढे क्षारपट ताईंचा प्रांत.

क्षारपट

आले आले. काकांनी मला ढकललंच आहे तर लांबलचक लिहिते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यातला बहुतेक १६ वजनाचा, हजारात दोन अणू १८ वजनाचे. हायड्रोजनचंही तसंच, साधा हायड्रोजन आणि थोडासा जड म्हणजे ड्यूटेरियम. जड रेणू वाफ व्हायला आळशी आणि पाऊस म्हणून पडायला उत्साही. त्यामुळे ढग समुद्रावरून निघून आत जात गेला, डोंगर चढत गेला की जड रेणू आधी सांडत जातात आणि मागे राहिलेला पाऊस हलका हलका होत जातो. दर १०० मीटर चढाईला ऑक्सिजन-१८ साधारण ०.१५ ते ०.५ पर मिल खाली जातो. पर मिल म्हणजे हजारी एक, समुद्राच्या प्रमाणित पाण्याशी केलेली तुलना.

१९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी जगभरचे पाऊस-नद्या एका आलेखावर टाकले तर ते एका सरळ रेषेत आले. डेल्टा ड्यूटेरियम = ८ × डेल्टा ऑक्सिजन-१८ + १० (डेल्टा म्हणजे समुद्राच्या पाण्यापासूनचा तोच पर मिलमधला फरक). याला जागतिक पर्जन्यरेषा म्हणतात. आता गंमत इथे आहे. पाणी उघड्यावर पडून वाळायला लागलं की ते या रेषेवरून निसटतं आणि उजवीकडे कमी चढाच्या रेषेवर जातं, तळ्यासारख्या उघड्या पाण्यासाठी चढ ४ ते ६, कोरड्या मातीच्या थरातून वाफ झाली तर आणखी कमी. म्हणजे तुमच्या विहिरीचा बिंदू मूळ रेषेवर बसला तर पाणी पटकन मुरलं, वाळायला वेळच मिळाला नाही. रेषेबाहेर बसला तर मुरण्याआधी कुठेतरी ऊन खाल्लेलं आहे. आणि ती वाळण्याची रेषा उलट मागे नेली की जिथे ती पर्जन्यरेषेला भेटते तो त्या पाण्याचा मूळ जन्मबिंदू, असं पुस्तकात असतं.

अर्धी_बाटली

ताई, त्या रेषेबाहेरच्या बिंदूंनी माझा जीव घेतलाय म्हणून लिहितेच. मास्टर्सच्या प्रोजेक्टला मी वीसेक विहिरींचे नमुने घेतले होते. सगळे छान रेषेला चिकटून आणि दोन बिंदू लांब उजवीकडे, अगदी सुंदर कमी चढावर. मी खूश! ड्राफ्टमध्ये दोन पानं लिहून टाकली की या दोन विहिरींना शेजारच्या खाऱ्या डबक्यातलं वाळलेलं पाणी मिळतंय. मग कोणीतरी म्हणालं उरलेल्या बाटल्या दाखव. एकाचं झाकण आट्यात तिरकं बसलेलं, आत बोटभर हवा. दुसरीची हवा त्याहून कमी पण होती. महिनाभर गाडीच्या डिकीत उन्हात बाटल्या फिरल्या होत्या. दहा टक्के पाणी उडालं तरी ऑक्सिजन एक-दोन पर मिल सरकतो. म्हणजे माझ्या डबक्याचा पत्ता माझ्या डिकीत होता :(

तेव्हापासून बाटली पाण्याखाली धरूनच झाकण लावते, उलटी करून टिचकी मारते, बुडबुडा दिसला की परत. आणि झाकणावरून चिकटपट्टी.

शंकासुर

अर्धी_बाटली, आता आयडीचा अर्थ कळला =))

क्षारपट

हाहा, कळला. आणि नमुना घेण्याआधीचं पण सांगून ठेवते, विहिरीच्या नळीत साचलेलं पाणी घ्यायचं नाही. पंप चालू करून विद्युतवाहकतेचा आकडा बघत बसायचं, तो हलायचा थांबला की मगच बाटली. पहिलं पाणी नळीचं असतं, जमिनीचं नाही.

कोरडवाहू

मला एक पॉइंट मांडायचाय. ती रेषा मागे नेऊन जन्मबिंदू काढायची ट्रिक दिसते तेवढी साधी नाहीये. समजा पाच विहिरींना पाच वेगळ्या मोसमांचं पाणी मिळतंय, प्रत्येकाचा जन्मबिंदू वेगळा, प्रत्येक थोडं थोडं वाळलंय. ते पाच बिंदू जोडून जी रेषा येते ती वाळण्याची रेषाच नसते, वेगवेगळ्या रेषांच्या टोकांची गर्दी असते. आणि तुम्ही ती मागे नेऊन जिथे भेटवता तिथलं पाणी प्रत्यक्षात कधी पडलेलंच नसतं. हे खूप पेपरांमध्ये झालंय.

दुसरं, 'पाऊस' म्हणजे सरासरी पाऊस धरू नका. वाळवंटात चार मिमीची सर मातीतच संपते. वर्षात एखादाच, कधी कधी पाच-सात वर्षांत एखादाच असा कोसळतो की वाहाळ फुगतो, तळाच्या वाळूतून पाणी खाली जातं, आणि मोठ्या पावसाचा आयसोटोप आकडा साधारणपणे हलका असतो. म्हणजे भूजल स्थानिक पावसाच्या सरासरीपेक्षा हलकं दिसतं, आणि माणूस म्हणतो अरे हे तर डोंगरावरचं पाणी.

वाळूतला_बगळा

थांबा थांबा. म्हणजे हलकं पाणी दिसलं तर ते उंचावरचं असू शकतं, किंवा इथल्याच एखाद्या मोठ्या पावसाचं. दोन उमेदवार झाले.

जुना_टेप

तीन. तिसरा उमेदवार हिमयुग. पूर्व सहारातलं न्युबियन सँडस्टोन म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा वालुकाश्माचा थर घ्या, इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात जे पाणी वर येतं त्याचा ऑक्सिजन-१८ उणे १० ते उणे ११ च्या घरात, आताच्या कुठल्याही स्थानिक पावसाशी त्याचा मेळ नाही. तिथे जवळपास उंच डोंगरही नाही. ते पाणी वेगळ्या हवामानात पडलेलं. क्रिप्टॉन-८१ वापरून वय काढलं तर दोन लाख ते दहा लाख वर्षं आलं. ओअॅसिसमध्ये माणूस ओंजळीने पितो ते पाणी पडलं तेव्हा आपली मानवजात पण नव्हती, काही ठिकाणी तरी.

शंकासुर

दहा लाख वर्षं जुनं पाणी?? एक्सपायरी डेट वगैरे... जोक सोडा, वय कसं काढतात ते सांगा, मला कार्बन डेटिंग एवढंच माहितीय आणि ते हाडांचं करतात.

आकडेमोड

वयाचं मी घेतो, माझा आवडता विषय. एक घड्याळ पुरत नाही, घड्याळांची माळ लागते.

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटन व्हायला लागणारा काळ) १२.३२ वर्षं. हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा पावसात ट्रिटियम प्रचंड वाढलं, उत्तर गोलार्धात १९६३ ला शिखर. ते आता जवळजवळ विरून गेलंय, त्यामुळे पूर्वीसारखी बॉम्बची खूण शोधता येत नाही, पण तरी विहिरीत मोजण्याइतकं ट्रिटियम मिळालं म्हणजे त्यात गेल्या काही दशकांतलं पाणी थोडं तरी मिसळलंय. अजिबात नाही मिळालं तर १९५० च्या आधीचं.

कार्बन-१४, अर्धायुष्य ५,७३० वर्षं, पाण्यात विरघळलेल्या कार्बनवर करतात. हाडांपेक्षा इथे लफडं जास्त. पाणी चुनखडकातून गेलं की त्यातला जुना, मेलेला कार्बन पाण्यात येतो आणि पाणी आहे त्यापेक्षा हजारो वर्षं म्हातारं दिसतं. दुरुस्तीची मॉडेलं आहेत पण दोन मॉडेलं वापरली की दोन वयं येतात. म्हणून रिपोर्टमध्ये '९,००० वर्षं' असं छातीठोक लिहिलेलं दिसलं की मी आधी खडक कुठला ते बघतो.

क्रिप्टॉन-८१, अर्धायुष्य सुमारे २,२९,००० वर्षं. हा निष्क्रिय वायू आहे, खडकाशी काही देणंघेणं नाही म्हणून भरवशाचा, फक्त इतका कमी असतो की लेझरने एकेक अणू पकडून मोजावा लागतो.

आणि पहिल्या पोस्टला हे लागू पडतं की वय हा पत्ता नाही. वय एकट्याने 'कुठून' सांगत नाही, पण तुमच्या तीन उमेदवारांपैकी एखाद्याला बाद करतं. ट्रिटियम मिळालं की निव्वळ हिमयुगाचं पाणी हे उत्तर बाद.

क्षारपट

आणि डोंगर विरुद्ध हिमयुग विरुद्ध मोठा पाऊस यात अजून एक भारी साक्षीदार आहे, विरघळलेले उदात्त वायू. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. पाणी भूजलाला मिळतं त्या क्षणी तिथल्या तापमानाप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे हे वायू त्यात विरघळतात आणि मग बंद होतात. थंडीत जास्त, उंचीवर कमी. लाखभर आकडेमोड करून त्यातून पाणी मुरलं तेव्हाचं तापमान काढता येतं. सखल, उष्ण प्रदेशातही हिमयुगाचं पाणी आजच्यापेक्षा पाचेक अंश थंड निघतं. नमुना तांब्याच्या नळीत घेतात, नळीतून पाणी वाहू द्यायचं, नळीला ठकठक मारून बुडबुडे पळवायचे आणि दोन्ही टोकं क्लॅम्पने चिरडून बंद. बोल्ट आवळताना मनगट जातं पण मजा येते.

शंकासुर

ठीक, पाण्याचं कळलं. पण पाणी खारं की गोडं यावरून नाही का कळत? खारं म्हणजे समुद्र, गोडं म्हणजे पाऊस. सोप्पं.

क्षारपट

इथेच तर लोक फसतात! पाण्याचा पत्ता वेगळा आणि मिठाचा पत्ता वेगळा. दोघे एकत्र राहतात म्हणून एका गावचे नव्हेत.

पाणी खारं व्हायला वाटा बऱ्याच. एक, उघड्यावर वाळलं, पाणी गेलं मीठ राहिलं, मग आयसोटोपचा बिंदूही रेषेबाहेर जायला हवा. दोन, झाडांनी पाणी प्यायलं. झाडाची मुळं पाणी ओढताना जड-हलका भेद करत नाहीत, मीठ मात्र मागे ठेवतात, म्हणून पाणी मचूळ होतं पण बिंदू रेषेवरच राहतो. तीन, वाटेत मिठाचा थर विरघळला, तेव्हाही बिंदू रेषेवरच. दोन आणि तीन वेगळे करायचे तर क्लोराइड आणि ब्रोमाइडचं गुणोत्तर बघायचं. समुद्राच्या पाण्यात वजनाने ते २९० च्या आसपास, आणि मिठाचा खडक बनताना ब्रोमाइड बाहेर राहतं म्हणून असा खडक विरघळलेल्या पाण्यात गुणोत्तर हजारांत जातं.

आणि रेषेबाहेर आहे पण खारं नाही, असा नमुना आला तर आधी... अर्धी_बाटलीची डिकी आठवायची :D

कोरडवाहू

+१. किरकोळ दुरुस्ती, 'झाडं भेद करत नाहीत' हे बहुतेक झाडांना लागू, काही खाऱ्या जमिनीतल्या आणि वाळवंटी झाडांत ड्यूटेरियममध्ये थोडा फरक सापडलाय. ऑक्सिजनवर विसंबलेलं बरं.

आकडेमोड

क्लोराइडवरून एक साधा हिशोब करता येतो तो टाकतो, कारण वाळवंटात इतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही. पावसातून आणि धुळीतून येणारं क्लोराइड मातीत कुठे जात नाही, झाड घेत नाही, उडत नाही. म्हणून,

मुरलेलं पाणी = पाऊस × पावसातलं क्लोराइड ÷ मातीतल्या पाण्यातलं क्लोराइड

समजा पाऊस १०० मिमी, त्यात धुळीसकट लिटरला १.५ मिलिग्रॅम क्लोराइड, आणि मुळांच्या खालच्या मातीतल्या ओलाव्यात लिटरला १०० मिलिग्रॅम. १०० गुणिले १.५ भागिले १०० म्हणजे १.५ मिमी. शंभरातलं दीड मिमी खाली गेलं. बादाइन जारानमध्ये वाळूतल्या क्लोराइडवरून जे आकडे निघालेत ते वर्षाला एक-दोन मिमीच्याच घरात आहेत.

आता हा आकडा बघून दोन माणसं दोन निष्कर्ष काढतात. एक म्हणतो दीड मिमीने तळी काय भरणार, तळं तर उन्हाने वर्षाला मीटरच्या हिशोबात वाळतं. दुसरा म्हणतो, अहो तळ्याचा पसारा केवढा आणि वाळूचा केवढा, हजार चौरस किलोमीटरवर दीड मिमी म्हणजे १५ लाख घनमीटर. दोघांचा गुणाकार बरोबर आहे. भांडण क्षेत्रफळाचं आहे, म्हणजे किती लांबवरची वाळू त्या तळ्याला पाणी देते याचं, आणि तिथे परत काकांचा टेप लागतो.

जुना_टेप

बघा, आलात ना टेपवर.

पण क्लोराइडच्या हिशोबाला एक अट आहे. पाणी सरळ खाली उतरत असेल तरच तो चालतो. उताराने वाहून एका खळग्यात जमलं आणि तिथून मुरलं तर तो फसतो. आणि वाळवंटात खरी भर बहुतेक वेळा अशीच एका जागी पडते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात सपाट जमिनीवर भोकं पाडली तर मुळांच्या खाली क्लोराइडचा फुगवटा सापडतो, साचायला दहा-पंधरा हजार वर्षं लागावीत इतका. म्हणजे शेवटचं हिमयुग संपल्यापासून त्या माळरानातून थेंबही खाली गेलेला नाही. आणि शेजारच्याच कोरड्या प्रवाहाच्या तळाखाली मीठ धुतलेलं. दोन भोकांत थोडंच अंतर, उत्तर उलटं.

उत्तर कुवेतमध्ये रौदतैन म्हणून सखल खोलगट भाग आहे, तिथे अशाच अधूनमधून येणाऱ्या लोंढ्यांनी खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचं भिंग तरंगत ठेवलंय. तिथलं उथळ पाणी खरोखर स्थानिक आहे. थरच्या वाळवंटातही काही भागात वाळूखाली जिप्समचा पट्टा असतो, पावसाचा ओलावा त्यावर अडतो, लोक अरुंद कुंई खणून तोच ओलावा गोळा करतात आणि त्या पट्ट्याच्या खालचं पाणी खारं. म्हणजे बगळे साहेब, तुमचं 'उथळ म्हणजे इथलंच' कधीकधी बरोबर पण असतं. फक्त ते सिद्ध करावं लागतं.

कोरडवाहू

आणि दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया. ग्रेट आर्टेशियन बेसिन, सतरा लाख चौरस किलोमीटर, एअर सरोवराच्या बाजूला भर वाळवंटात मातीच्या उंचवट्यांतून उपळे फुटतात. पाणी अगदी जमिनीवर, याहून उथळ काय असणार, आणि ते पूर्वेच्या डोंगररांगेत पडलेलं, काही ठिकाणी दहा लाख वर्षांहून जुनं. अशा पाण्यात हेलियम साचलेला असतो कारण खडकातलं युरेनियम-थोरियम तो सोडत राहतं, पाणी कोमट असतं, फ्लोराइड बऱ्याचदा जास्त. उथळ विहिरीत हे तिन्ही एकत्र दिसले तर कुठल्यातरी भेगेतून खोल पाणी वर येतंय का ते तपासायलाच हवं.

नळतुटका

सगळे जण पर्वत, हिमयुग, दहा लाख वर्षं... आणि कोणी माणसाचं नावच घेत नाहीये. मी शहराच्या पाणी-गटाराच्या लायनींवर काम करतो म्हणून लिहितो. रियाध, दोहा, कुवेत या वाळवंटी शहरांत भूजल वर येऊन तळघरं ओली झाली. पाऊस वाढला नव्हता. नळ गळत होते, बागांना भरमसाट पाणी, सांडपाणी शोषखड्ड्यांत. आणि नळात येणारं पाणी गोडं केलेलं समुद्राचं! आता ताईंच्या आलेखावर टाका बरं हे. आयसोटोप समुद्रासारखा, शून्याच्या आसपास, आणि क्लोराइड जवळजवळ नाही. निसर्गात अशी जोडी कुठे मिळते?

सांडपाणी मिसळलंय का ते बघायला आणखी मजेशीर साक्षीदार आहेत. कृत्रिम गोडवा, सुक्रालोज आणि अॅसेसल्फेम, माणसाच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि जमिनीतही सहजी मोडत नाही. एमआरआयच्या आधी जे गॅडोलिनियम टोचतात तेही तसंच. कुठलाही पर्वत शुगर-फ्री पीत नाही, विहिरीत सुक्रालोज सापडलं की विषय मिटला.

वाळूतला_बगळा

'कुठलाही पर्वत शुगर-फ्री पीत नाही' _/\_ हे फ्रेम करून लावतो.

आकडेमोड

नळतुटका भाऊंच्या मुद्द्याला जोडून, कालव्याचं पण तसंच. लांबच्या बर्फाळ नदीचं पाणी कालव्याने वाळवंटात आणून शेतीला दिलं की ते मुरतं, आणि उथळ विहिरीत 'पर्वताची' सही दिसायला लागते. पाणी खरंच पर्वतावरचं, पण जमिनीखालून नाही, कालव्यातून आलेलं. तिथे ट्रिटियम आणि नायट्रेट बघितलं तर फरक पडतो. तरी नायट्रेट दिसलं म्हणजे खतच असं नाही बरं का, काही वाळवंटांच्या मातीत हजारो वर्षांचं नैसर्गिक नायट्रेट साठलेलं असतं, वरून पाणी सोडलं की ते खाली ढकललं जातं.

अजून एक उलटी गोष्ट सांगून गप्प बसतो. नैर्ऋत्य नायजरमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात भीषण दुष्काळ आणि त्याच काळात भूजल मात्र वर चढत होतं. झाडी तोडून शेती झाली, जमिनीवर पापुद्रा धरला, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून डबक्यांत जमलं आणि डबक्यांच्या तळातून खाली गेलं. पाऊस कमी, भूजल जास्त. डबक्यांनी भरलेलं पाणी, स्थानिकच, पण 'शेतात मुरलेलं' नाही. त्यामुळे 'स्थानिक' हा शब्दसुद्धा मला अपुरा वाटतो.

शंकासुर

बरं मग निकाल काय, बादाइन जारानचा? २००४ वाले बरोबर की चूक? फिरवाफिरवी नको.

कोरडवाहू

प्रत्येकाच्या हातात काय आहे ते लिहितो, निकाल तुम्ही लावा. पर्वतवाले म्हणतात भूजल स्थानिक पावसापेक्षा हलकं आहे, तळी हजारो वर्षं टिकलीत, दीड मिमीने हे भागत नाही. विरोधक म्हणतात तिथलं भूजल वाळण्याच्या रेषेवर आहे, बर्फ वितळून भेगेतून सरळ आलेलं पाणी उन्हात वाळलं कधी? शिवाय जुन्या, ओल्या हवामानाचं पाणी आणि जवळच्या कमी उंचीच्या डोंगरांचं पाणी मिळूनही तोच हलका आकडा येऊ शकतो. कार्बन-१४ ची वयं हजारांत येतात, त्यावर लगेच चुनखडकाचा आक्षेप. म्हणजे याच धाग्यात आपण काढलेल्या सगळ्या शंका तिथे एकाच जागी येऊन बसल्यात.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर लांबून भेगेने येणारी नदी मला जड जाते. त्या वाटेवर पातळीचा उतार सलग दाखवणारी मापं जास्त हवीत, आयसोटोपचे अजून दोनशे बिंदू नकोत.

क्षारपट

माझं मत थोडं वेगळं. उतार दाखवला तरी पाणी त्या उताराने आलंच असं नाही, खडक बंद असू शकतो. मी स्ट्रॉन्शियम बघेन. त्याच्या दोन आयसोटोपांचं गुणोत्तर बाष्पीभवनाने बदलत नाही, ते खडकाकडून येतं. समुद्री चुनखडकात ०.७०७ ते ०.७०९, तरुण बसाल्टमध्ये ०.७०४ च्या जवळ, जुन्या ग्रॅनाइटमध्ये ०.७२ च्या वर. पाणी ज्या खडकातून आलं म्हणता त्या खडकाची सही पाण्यात आहे का ते तरी कळेल.

जुना_टेप

दोघांचंही मान्य, तरी टेप आधी :)

वाळूतला_बगळा

मंडळी, एक शेवटचा प्रश्न. समजा कुठल्याही वाळवंटातल्या एका उथळ विहिरीचा उगम शोधायचाय आणि हातात एकच दिवस, दहाच बाटल्या. कुठून भराल?

जुना_टेप

चांगला प्रश्न. दोन बाटल्या त्या उथळ-खोल नळ्यांच्या जोडीतून, पातळ्या मोजून मगच. दोन जवळच्या तळ्यातून किंवा डबक्यातून, एक काठाला एक मध्ये, म्हणजे वाळण्याची रेषा तिथलीच मिळेल, पुस्तकातली नको. दोन डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींतून, वाटेवरच्या. एक वाहाळाच्या तळाखालून. वस्ती असेल तर एक तिथल्या नळाची, नळतुटकांसाठी. पाऊस त्या दिवशी पडणार नाहीच, म्हणून पर्जन्यमापकात आधीच थोडं पॅराफिन तेल टाकून ठेवायचं, तेलाखाली साचलेलं पाणी वाळत नाही, त्याची एक. झाल्या नऊ.

वाळूतला_बगळा

आणि दहावी?

अर्धी_बाटली

पहिल्याच विहिरीची परत एकदा, काचेच्या बाटलीत. आणि डिकीत नाही, गार डब्यात, पायाशी ठेवून आणायची.